छपरावर माणूस चढवण्याआधी

रोहिणी लागायला आठ-पंधरा दिवस उरले की परभणी जिल्ह्यात एक काम हमखास निघतं : छपरं बघायचं. जिंतूरकडच्या वाडीत माळवदावर नवी माती पडते. मानवत-सेलूचे जिनिंगवाले शेडच्या पन्हळी उपसायला माणसं लावतात. जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी गळक्या वर्गखोलीची सरपंचांना पुन्हा एकदा आठवण करून देतात. या सगळ्यांची पहिली पायरी एकच असते. कुणीतरी वर चढतं. छप्पर आपलं वजन झेलणार की नाही, हे मात्र त्याला चढल्यावरच कळतं.

सर्वांत फसवा असतो सिमेंटचा पत्रा. जाडी जेमतेम सहा मिलिमीटर, त्यावर वीस-पंचवीस वर्षांचं ऊन. वरून धूळ आणि वाळलेलं शेवाळ बसलं की तो फरशीसारखा भक्कम दिसतो. उजेडासाठी मध्येमध्ये बसवलेले फायबरचे पत्रे तर मळून आजूबाजूच्या पत्र्यांत मिसळून जातात, डोळ्यांना वेगळे दिसतच नाहीत. त्यावर पाय पडला की माणूस थेट खालच्या यंत्रावर किंवा फरशीवर. जिनिंगचं शेड वीस-पंचवीस फूट उंच असतं.

म्हणून ड्रोनची गोष्ट. ती सांगताना एक खुलासा आधीच करतो. ड्रोन आल्याने वर चढणं संपत नाही. कुठे चढायचं, कुठे अजिबात चढायचं नाही आणि वर गेल्यावर काय तपासायचं, एवढं तो आधी सांगतो. एवढ्यासाठीसुद्धा तो बोलावण्याजोगा आहे.

गावाने ड्रोन पाहिलाय, पण तो वेगळा

परभणीच्या गावांना ड्रोनचं अप्रूप राहिलेलं नाही. गावठाणांची ड्रोनमोजणी महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावापासून सुरू झाली. 24 एप्रिल 2020 रोजी केंद्राने स्वामित्व योजना आणली आणि भूमी अभिलेख खातं व भारतीय सर्वेक्षण विभाग यांच्या मोजणीचे ड्रोन गावोगाव फिरले. घराघरांच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारल्या गेल्या, वरून फोटो निघाले, पुढे मिळकत पत्रिका आल्या. त्यामुळे अनेकांचा समज झालाय की आपल्या छपराचा फोटो सरकारकडे आहेच.

फोटो आहे, पण या कामाचा नाही. त्या नकाशातला एक ठिपका जमिनीवरच्या सुमारे पाच सेंटिमीटरचा असतो. हद्द ठरवायला तेवढं पुष्कळ झालं. पत्र्याची चीर किंवा स्लॅबची भेग त्यात दिसणं शक्य नाही.

दुसरा ओळखीचा ड्रोन फवारणीचा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात डिजिटल शेती, यंत्रमानव आणि ड्रोन यांवर काम करणारं केंद्र उभं राहिलं. नमो ड्रोन दीदी योजनेतून महिला बचत गटांकडेही फवारणीचे ड्रोन आले. ते अंगाने मोठे, टाकी वाहून नेणारे, पंख्यांचा वारा जोराचा. सुटलेला पत्रा त्या वाऱ्याने आणखी उचलला जाईल. छपराच्या कामाला तो मागू नका.

या कामाला लागतो तो हलका, चांगल्या कॅमेऱ्याचा, हवेत एका जागी स्थिर राहणारा ड्रोन. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, यापेक्षा तो किती जवळ नेता येतो याला महत्त्व आहे. हिशेब सोपा आहे. एक इंची सेन्सरचा, 20 मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला तर 30 मीटर उंचीवरून एक ठिपका सुमारे आठ मिलिमीटरचा पडतो. 10 मीटरवरून तो पावणेतीन मिलिमीटर होतो आणि पाच मीटरवरून दीडच्या आत येतो. म्हणजे 30 मीटरवरून उडालेला पत्रा, तुंबलेली पन्हळ, साचलेलं पाणी दिसेल. केसासारखी भेग बघायची तर पाच मीटरपर्यंत जावंच लागेल. "वरून सगळं शूट करून देतो" असं कुणी म्हणालं की त्याला एवढंच विचारा : किती मीटरवरून?

पत्रा, स्लॅब, माळवद

पत्र्याच्या शेडवर दोन फेऱ्या कराव्यात. पहिली 25-30 मीटरवरून, सरळ खाली कॅमेरा ठेवून, शेत नांगरताना तास घालतात तशी ओळीने. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा किमान सत्तर टक्के भाग आला पाहिजे, म्हणजे संगणकावर सगळे जोडून छपराचा एकसंध नकाशा होतो. दुसरी फेरी कमी उंचीवरून, तिरपा कॅमेरा ठेवून : मोगरा, कडा, दोन शेडच्या मधली पन्हळ, वायुवीजनाचे पंखे, भिंत आणि पत्रा भेटतो तो सांधा. गळती बहुधा पत्र्याच्या मध्यावर नसते, या सांध्यांवर असते. गंजलेल्या जे-हुकाभोवती तांबूस ओघळ दिसला की तिथलं वायसर गेलं असं समजावं. बोल्ट ढिला आहे का हे मात्र फोटो सांगणार नाही, त्याला पाना लावूनच बघावं लागतं.

सिमेंटच्या पत्र्यावर एक सोय आयती मिळते. त्याच्या दोन नळ्यांमधलं अंतर 146 मिलिमीटर ठरलेलं असतं. फोटोत चीर दिसली तर नळ्या मोजा, चिरेची लांबी निघते. वेगळी पट्टी ठेवायला कुणाला वर पाठवायची गरज नाही.

त्याआधी खणांना नंबर द्यावेत. शेडच्या खांबांवर आतून आणि भिंतीवर बाहेरून ठळक रंगात आकडे लिहिले की फोटोतला दोष आणि खालून दिसणारा ठिबक जुळवता येतात. एरवी संगणकावर तीनशे फोटो पडून राहतात आणि गळका पत्रा नेमका कोणता, यावर मुकादम आणि मिस्त्री भांडत बसतात.

स्लॅबचं गणित वेगळं आहे. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. पाया उथळ असला की भिंत दरवर्षी थोडी हलते, आणि तिची पहिली तक्रार गच्चीवर उमटते : कठडा स्लॅबपासून सुटतो, कडेचा वाटा फुटतो, कोब्यावर आडव्या-उभ्या रेघा येतात. सकाळच्या तिरप्या उन्हात या भेगांना सावली असते, त्यामुळे त्या फोटोत उठून दिसतात. ऐन बाराला काढलेला फोटो सपाट येतो. पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांनी काढलेला एक फोटो तर सोन्यासारखा असतो, कारण उतार कुठे चुकलाय हे साचलेल्या पाण्याची डबकीच दाखवून देतात.

उष्णता टिपणारा कॅमेरा असलेले ड्रोन आता भाड्याने मिळतात आणि त्यांच्याबद्दल बरंच काही ऐकवलं जातं. स्लॅबवर त्यांचा उपयोग आहे. आत ओल धरलेला भाग सकाळी उन्हात उशिरा तापतो, त्यामुळे कोरड्या भागापेक्षा तो वेगळा उमटतो. चकचकीत लोखंडी पत्र्यावर मात्र हा कॅमेरा फसतो. पत्रा आरशासारखं आकाश परावर्तित करतो आणि पडद्यावर दिसतं ते आकाशाचं तापमान. अशा छपरासाठी थर्मलचे जादा पैसे मोजू नयेत, हे माझं स्पष्ट मत. छतावर सौरपॅनेल असतील तर गोष्ट निराळी. त्यातला बिघडलेला भाग गरम ठिपका होऊन लगेच दिसतो.

जुन्या वाड्यांच्या माळवदावर ड्रोनला मर्यादा फार. वरून गवत, मातीचा खचलेला खळगा, फुटलेली पन्हाळ दिसते. खाली तुळई वाळवीने पोखरली आहे का, हे खालून दिवा लावून आणि लाकडाला टोचूनच कळतं. पण वर खळगा दिसला तर त्याच्या खालची तुळई आधी तपासा, तोवर त्या जागी कुणाला उभं करू नका. इतकी सूचना ड्रोन देतो आणि ती मोलाची आहे.

चिमणी

चिमणीचं काम खरं कसबाचं. जिल्ह्यात चिमण्या कमी नाहीत. गंगाखेड, पाथरी, पूर्णा, सोनपेठ या तालुक्यांत साखर कारखाने आहेत, त्यांच्या बॉयलरच्या उंच चिमण्या आहेत. छोट्या उद्योगांच्या तारांनी ताणलेल्या पत्र्याच्या नळ्या आहेत. कुठे कुठे जुन्या विटांच्या चिमण्याही उभ्या आहेत. प्रत्येकीचं दुखणं वेगळं.

लोखंडी चिमणी बहुतेकदा वरच्या तिसऱ्या हिश्शात खराब होते. धूर वर जाता जाता थंड होतो, आतल्या बाजूने ओल धरते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून रंगाचे फुगे, गंजाचे ओघळ आणि जोडाच्या बोल्टांभोवतीची तांबूस कड एवढंच दिसतं. तेच टिपायचं. त्याबरोबर शिडीचे आधार, चौथऱ्यांची जाळी, वीजरोधकाची पट्टी अखंड खालपर्यंत आली आहे का, इशाऱ्याचे दिवे, आणि तारा असतील तर त्यांचे दोन्ही टोकांचे आकडे. पत्रा किती उरलाय ते फोटोत कळत नाही. त्यासाठी जाडी मोजणारं अल्ट्रासोनिक यंत्र घेऊन माणसालाच जावं लागतं. पण ड्रोनने सांगितलेल्या पाच जागा मोजायच्या की आंधळेपणाने पन्नास, यात परांचीचे दिवस आणि माणसाचा जीव दोन्ही आले.

विटांच्या चिमणीत उभ्या भेगा, झिजलेल्या दरजा, सैल झालेले लोखंडी पट्टे आणि तोंडाजवळचा कंगोरा बघायचा. तोंडाशी हमखास पिंपळ उगवलेला असतो. त्याचं मूळ किती आत गेलंय हे जवळच्या फोटोत दिसतं. चिमणी कललीय का, हे मात्र ड्रोनच्या फोटोवरून ठरवू नका. कॅमेऱ्याच्या कोनामुळे सरळ चिमणीही वाकडी दिसते. त्याला जमिनीवरून, काटकोनातल्या दोन बाजूंनी थिओडोलाइट किंवा टोटल स्टेशन लावणारा सर्वेअर हवा.

तपासणी दोनदा करावी. एकदा गाळप हंगाम चालू असताना, थर्मल कॅमेऱ्याने, दुरून. आतल्या अग्निरोधक विटांचं अस्तर जिथे गळून पडलंय तिथे बाहेरचा पत्रा जास्त तापतो आणि तो पट्टा साफ दिसतो. कारखाना बंद झाल्यावर हा पुरावा नाहीसा होतो. दुसऱ्यांदा हंगाम संपल्यावर, चिमणी थंड असताना, जवळून साध्या कॅमेऱ्याने. बरेच जण दुसरी फेरी तेवढी करतात आणि पहिली विसरतात. अस्तराचं दुखणं मग पुढच्या हंगामात, नको त्या वेळी, बाहेर पडतं.

उडवण्याची रीत अशी. चिमणीभोवती घिरट्या घालणारा व्हिडिओ बघायला छान, कामाला निरुपयोगी. उत्तर, ईशान्य, पूर्व अशा आठ दिशा ठरवाव्यात. प्रत्येक दिशेला खालून वर एक उभी पट्टी, पाच ते आठ मीटर अंतर राखून, दर दोन मीटरला एक स्थिर फोटो. फोटोंचे गट दिशेच्या नावानेच ठेवावेत. वारा ज्या बाजूने येतो ती बाजू आधी घ्यावी. चिमणीच्या पाठीमागे हवा भोवरा घेते, तिथे ड्रोन अचानक खेचला जातो. चालू चिमणीच्या तोंडावरून तर कधीच नेऊ नये. गरम हवेत पंख्यांना पकड मिळत नाही. शिवाय लोखंडाच्या एवढ्या मोठ्या नळीजवळ ड्रोनचं होकायंत्र चळतं, त्यामुळे आपोआप परत येण्याच्या सोयीवर विसंबू नये. उड्डाण पत्र्यावरून किंवा सळयांच्या स्लॅबवरून सुरू न करता मोकळ्या मातीवरून करावं.

दोन धोके शहरी पुस्तकांत सापडत नाहीत, आपल्याकडे मात्र हटकून असतात. एक, आग्या मोहोळ. उंच पाण्याच्या टाक्या, कारखान्याचे चौथरे, चिमणीची शिडी या त्यांच्या आवडत्या जागा. ड्रोनच्या गुणगुणण्याने मोहोळ उठलं तर खाली उभ्या माणसांची धडगत नाही. म्हणून आधी दुर्बिणीने किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळ ओढून बघावं. मोहोळ दिसलं तर ती बाजू सोडावी. दुसरा धोका आगीचा. ड्रोनची लिथियम बॅटरी आपटून फुटली तर पेट घेते, आणि ती पाण्याच्या एका तांब्याने विझत नाही. जिनिंगच्या आवारात उघड्यावर कापसाच्या गंजी असतात, साखर कारखान्यात भुश्श्याचे डोंगर. त्यांच्यावरून उड्डाण नको म्हणजे नकोच. ड्रोनचा मार्ग गंजीला वळसा घालून ठरवा आणि वाळूच्या बादल्या, पाण्याची नळी तयार ठेवा. हंगाम संपून आवार रिकामं झाल्यावर शेडची तपासणी करणं सर्वांत बरं.

कायदा, थोडक्यात

ड्रोन नियम 25 ऑगस्ट 2021 रोजी आले आणि आधीचा कागदांचा डोंगर बराच उतरला. वजनावरून पाच वर्ग आहेत. 250 ग्रॅमपर्यंतचा नॅनो, दोन किलोपर्यंतचा मायक्रो आणि 25 किलोपर्यंतचा स्मॉल एवढे आपल्या कामाचे. ड्रोनला नोंदणीचा विशिष्ट क्रमांक लागतो. नॅनोला आणि स्वतःच्या, बिगरव्यावसायिक वापराच्या मायक्रोला चालकाचं प्रमाणपत्र लागत नाही. पैसे घेऊन मायक्रो उडवणाऱ्याकडे मात्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त संस्थेतून मिळालेलं प्रमाणपत्र हवं. ते किमान दहावी पास आणि 18 ते 65 वयाच्या व्यक्तीला मिळतं. नॅनो सोडून बाकीच्यांना त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

जागेचा प्रश्न परभणीत तुलनेने सोपा आहे. नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत उड्डाणाला वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फूट होते, त्याहून जवळ गेल्यास परवानगी घ्यावी लागते. आपल्याला जवळचा विमानतळ नांदेडचा, म्हणून पूर्णा तालुक्याच्या पूर्व टोकाच्या गावांनी डिजिटल स्कायवरचा नकाशा अवश्य बघावा. खरं तर नकाशा सगळ्यांनीच, त्याच दिवशी सकाळी बघावा. पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एखादं क्षेत्र एका वेळी 96 तासांपर्यंत तात्पुरतं लाल जाहीर करू शकतो. मोठी सभा, यात्रा, मंत्र्यांचा दौरा असला की हे होतं. उंच चिमणी आणि विमान यांचं नातं किती ताणलं जाऊ शकतं हे सोलापूरने पाहिलंय. सिद्धेश्वर साखर कारखान्याची नव्वद मीटरच्या आसपास उंचीची चिमणी विमानसेवेला अडथळा ठरते म्हणून 15 जून 2023 रोजी पाडली गेली.

धारासूरचं गुप्तेश्वर मंदिर, चारठाण्याची मंदिरं अशा प्राचीन वास्तूंच्या शिखरांना ड्रोनतपासणीचा फायदा नक्कीच होईल. पण तो पुरातत्त्व विभागाचा अधिकार आहे. लेखी परवानगीशिवाय तिथे हौस करू नका.

गावाची भीती

कायद्याइतकाच गावाचा विश्वास लागतो. 2024 च्या पावसाळ्याच्या तोंडावर बीड, जालना आणि पुणे जिल्ह्यांच्या ग्रामीण भागांत रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात, अशा बातम्यांनी लोक जागे राहू लागले. विषय विधिमंडळापर्यंत गेला. अशा वातावरणात कुणी अनोळखी पोरगा गावाबाहेर गाडी लावून ड्रोन सोडू लागला तर त्याला मार बसण्याची शक्यता जास्त.

तेव्हा आदल्या दिवशी पोलीस पाटलांना आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा : तारीख, वेळ, कोणती इमारत, कोण उडवणार. जमल्यास दवंडी द्या, निदान गावच्या व्हॉट्सअॅप गटावर टाका. शहरात ठाण्याला पत्र द्या. शेजारच्या घरांना तोंडी सांगायला पाच मिनिटं लागतात. उन्हाळ्यात माणसं गच्चीवर झोपतात, बायका कुरडया-पापड वाळत घालतात, पत्र्याच्या आडोशाला न्हाणी असते. बाईचा तिच्या खासगी क्षणी चोरून फोटो काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. तुमचा हेतू छपराचा असला तरी कॅमेरा शेजाऱ्याच्या अंगणाकडे वळला तर तक्रार होणारच, आणि ती रास्त असेल. कॅमेरा उतरत्या कोनात, आपल्याच इमारतीवर ठेवायचा ही अट चालकाला आधी घालावी.

कोणाला बोलवावं, काय मागावं

स्वतः ड्रोन विकत घ्यावा का? मोठा कारखाना सोडला तर माझं उत्तर नाही असं आहे. वर्षात दोन दिवसांच्या कामासाठी बॅटऱ्या सांभाळणं आणि हात बसवणं परवडत नाही. चार गावांच्या शाळा, किंवा एका बाजारपेठेतले जिनिंगवाले मिळून एकाच दिवशी चालक बोलावतील तर खर्च वाटला जातो.

तालुक्याच्या गावी लग्नाचं शूटिंग करणारे ड्रोनवाले आहेत आणि बहुतेकांचा हात उत्तम बसलेला असतो. त्यांना घ्यायला हरकत नाही, फक्त तीन गोष्टी बघाव्यात. नोंदणी क्रमांक ड्रोनवर लिहिलेला आहे का. प्रमाणपत्र आणि विमा चालू आहे का. आणि ड्रोन कोणता आहे. 9 फेब्रुवारी 2022 पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, संशोधन, संरक्षण अशा मोजक्या कामांना सूट आहे. लग्नाच्या बाजारात फिरणारे सगळेच ड्रोन कागदोपत्री स्वच्छ असतील असं नाही. अपघात झाला आणि विमा कंपनीने हात वर केले तर भरपाई तुमच्या दारात येईल.

त्यांची सवयही थोडी मोडावी लागते. लग्नवाल्याला संथ, गोल, संगीताला साजेसा व्हिडिओ आवडतो. तुम्ही मागायचे स्थिर फोटो, मूळ आकारातले, व्हॉट्सअॅपवरून न पाठवता पेनड्राइव्हवर. व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं आणि भेग त्यातच पुसली जाते. बोलणी करताना दर दिवसाचा ठरवा, "प्रत्येक बॅटरीचा" नको, नाहीतर घाईघाईत काम उरकलं जातं. तुमचा मिस्त्री किंवा अभियंता चालकाशेजारी उभा राहून पडद्यावर बघत असला पाहिजे. छपराची जाण त्याला असते, चालकाला नसते. "तो कोपरा पुन्हा दाखव" म्हणणारं कुणी नसेल तर पुढचं सगळं वाया.

वेळ सकाळची. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि अनेक ड्रोनच्या माहितीपुस्तिकेत कामाची मर्यादाच 40 अंश लिहिलेली असते. दुपारी वावटळ उठते ती वेगळी, आणि वळिवाचा वारा सांगून येत नाही. सूर्य वर आल्यापासून साडेनऊपर्यंत मुख्य काम आटपावं. घारी घिरट्या घालत असतील तर थोडा वेळ थांबावं. आवाराजवळून महावितरणची लाइन जात असेल तर तारांच्या बाजूने उड्डाण नको, कारण बारीक तार पडद्यावर दिसत नाही.

फोटो आल्यावर

फोटो हा अहवाल नव्हे. अभियंत्याला ते दाखवून प्रत्येक दोषापुढे तीनपैकी एक शेरा लिहून घ्यावा : पावसाआधी दुरुस्ती, माणूस चढवून तपासणी, किंवा पुढच्या वर्षी पुन्हा बघणे. तपासणी करायची तिथे अभियंता हातोडीने ठोकून बघेल. पोकळ आवाज आला की गिलावा किंवा काँक्रीट आतून सुटलेलं असतं, आणि हे कोणताही कॅमेरा ऐकू शकत नाही.

परभणी महानगरपालिकेच्या हद्दीत तीस वर्षांहून जुन्या इमारतीला महापालिका अधिनियमाच्या कलम 265 अ नुसार संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत 15 ते 30 वर्षांच्या इमारतीला दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी ही तपासणी सांगितली आहे. ड्रोनचे फोटो या तपासणीला जोडता येतात, तिची जागा घेऊ शकत नाहीत. कुणी ड्रोनच्या व्हिडिओवरून इमारत सुरक्षित असल्याचा दाखला देत असेल तर तो घेऊ नका.

फोटो जपून ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. सप्टेंबर 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत परभणी-हिंगोलीत अतिवृष्टी झाली तेव्हा पंचनाम्यांची गर्दी उडाली. पक्क्या घराचं किमान 15 टक्के नुकसान झालं तर आपत्ती निधीच्या निकषांत 6,500 रुपये आणि कच्च्या घराला 4,000 रुपये मदत आहे. रक्कम मोठी नाही. पण नुकसान जुनं की नवं, या वादात मे महिन्यातला तारखेसह फोटो तुमच्या बाजूने बोलतो. जिनिंग किंवा कारखान्याच्या विम्याच्या दाव्यात तर तो याहून जास्त उपयोगी पडतो. दरवर्षी त्याच उंचीवरून, त्याच खणांचे फोटो काढले तर दोन वर्षांचे फोटो शेजारी ठेवून भेग वाढली की थांबली हेही कळतं.

शाळा व्यवस्थापन समित्यांना आणि ग्रामपंचायतींना विनंती आहे की एप्रिलच्या बैठकीत हा विषय घ्या, शेजारच्या दोन-तीन गावांशी बोला आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात एक दिवस ठरवा. हातात फोटो येईपर्यंत सिमेंटच्या पत्र्यावर कुणालाही चढू देऊ नका, गावातला सर्वांत अनुभवी मिस्त्री असला तरी.